गोळी चालू आहे, विमा मिळेल का?

नमस्कार श्रोतेहो.

आयुर्विम्याचा अर्ज भरताना नाव, जन्मतारीख, नोकरी, वारसाचं नाव इथपर्यंत पेन भराभर चालतं. मग पान उलटतं आणि प्रश्न येतो: मधुमेह, उच्च रक्तदाब, हृदयविकार, दमा, मूत्रपिंडाचा विकार, फिट्स यांपैकी काही आहे का किंवा पूर्वी होतं का? पुढे दोन चौकोन, हो आणि नाही. शेजारी बसलेलं कुणीतरी हलक्या आवाजात सांगतं, "अहो, बीपीची एकच तर गोळी आहे. 'नाही'वर टिक करा आणि मोकळे व्हा." आज मला या दोन चौकोनांबद्दलच बोलायचं आहे.

"हो" म्हटलं की अर्ज बाद, अशी बहुतेकांची समजूत असते. प्रत्यक्षात "हो" म्हटल्यावर दुसरी प्रश्नावली हातात येते. निदान कोणत्या वर्षी झालं? गोळ्या कोणत्या, किती ताकदीच्या, मध्यंतरी वाढवल्या का? इन्शुलिन घेता का? डोळ्यांचा पडदा, लघवीतलं प्रथिन, क्रिएटिनिन कधी तपासलं होतं? दमा असेल तर रुग्णालयात दाखल व्हावं लागलं होतं का, स्टेरॉइडच्या गोळ्या घ्याव्या लागल्या का? फिट्स असतील तर शेवटची कधी आली? आजाराचं नाव सगळ्यांचं सारखंच असतं. हा अर्ज वाचून निर्णय घेणारा जो अंडररायटर असतो, त्याला नावापेक्षा या उत्तरांत जास्त रस असतो.

ही पद्धत जुनी आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला न्यूयॉर्क लाइफ कंपनीतले डॉक्टर ऑस्कर रॉजर्स आणि विमागणिती आर्थर हंटर यांनी जोखमीला गुण देण्याची रीत बसवली. थोड्याफार फरकाने ती आजही चालते. सर्वसाधारण निरोगी माणूस म्हणजे १००. त्यात आजाराचे, वजनाचे, तंबाखूचे गुण मिळवायचे आणि चांगल्या गोष्टींचे वजा करायचे. समजा मधुमेहाचे ७५ मिळवले, रक्तदाबाचे २५ मिळवले आणि उत्तम नियंत्रणाबद्दल २५ वजा केले, तर बेरीज १७५. हे आकडे मी उदाहरणापुरते घेतलेत, प्रत्येक कंपनीचं कोष्टक वेगळं असतं. १७५चा अर्थ असा, की अशा शंभर माणसांच्या गटात निरोगी गटापेक्षा पाऊणपट जास्त मृत्यू होतील असा कंपनीचा अंदाज आहे. तुम्ही स्वतः कधी जाणार, हे त्यातून कुणालाच कळत नाही. हिशोब गटाचा असतो.

हप्ता त्या प्रमाणात वाढतो. निव्वळ टर्म विम्यात, म्हणजे मुदतीत मृत्यू झाला तरच पैसे देणाऱ्या विम्यात, ही वाढ चांगलीच जाणवते, कारण तिथे हप्त्याचा मोठा भाग जोखमीचाच असतो. बचतीच्या पॉलिसीत जोखमीचा वाटा लहान, म्हणून जादा हप्ताही तुलनेने कमी. एजंट ज्याला "लोडिंग" म्हणतात ते हेच.

आता एक उलटी वाटणारी गोष्ट. तिशीत मधुमेह झालेल्याला जास्त गुण लागतात आणि साठीत झालेल्याला कमी, दोघांची साखर अगदी सारखी असली तरी. तरुण माणूस आजारासोबत पुढची तीस-चाळीस वर्षं काढणार असतो आणि गुंतागुंत वाढायला तेवढा वेळ असतो. शिवाय तिशीतल्या निरोगी माणसाचा मृत्युदर मुळात इतका कमी, की त्यावर थोडी भर पडली तरी ती पटीत मोठी दिसते. तरुणाला हे अन्यायाचं वाटतं. मला त्याचा राग समजतो, पण गणितात खोट काढता येत नाही.

मेडिकलच्या दिवसाबद्दलही सांगतो. आदल्या दोन दिवसांत गोड बंद करून साखर "आणून" दाखवण्याचा प्रयत्न पुष्कळजण करतात. उपाशीपोटीची साखर त्याने थोडी उतरेलही. पण कंपनी एचबीएवनसी मागते. तांबड्या पेशींचं आयुष्य सुमारे १२० दिवसांचं असतं आणि त्यांना चिकटलेली साखर मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगते. ती दोन दिवसांत हलत नाही. तंबाखूचंही तेच: निकोटिनपासून शरीरात तयार होणारं कोटिनिन लघवीत किंवा लाळेत सापडतं, मग "मी ओढत नाही" हे लिहिलेलं वाक्य कुणी वाचत बसत नाही.

मला विशेष सांगायचं आहे ते कागदांबद्दल. पन्नाशीतली दोन माणसं घ्या, दोघांनाही आठ वर्षांपासून मधुमेह. पहिल्याची साखर मधूनमधून वर जाते, पण त्याच्याकडे दर काही महिन्यांचे रिपोर्ट आहेत, डोळे तपासल्याची चिठ्ठी आहे, लघवीचा अहवाल आहे. दुसरा म्हणतो, "मला काहीच त्रास नाही, दोन वर्षांत डॉक्टरकडे जायची वेळच आली नाही." घरच्यांना दुसरा जास्त तब्येतदार वाटतो. अंडररायटरला मात्र पहिलाच बरा वाटतो, कारण ज्याची नोंदच नाही त्याची जोखीम मापता येत नाही, आणि न मापता आलेली जोखीम तो वरच्या बाजूलाच धरतो.

निकाल तरी किती प्रकारचे? थायरॉइडची गोळी नियमित असेल, बीपी आटोक्यात असेल, तर कित्येकदा नेहमीच्याच दराने पॉलिसी मिळते. काहींना जादा हप्ता. कर्करोगातून बरं झालेल्यांना कधी ठरावीक वर्षांपुरताच जादा हप्ता लावतात, कारण आजार उलटण्याचा धोका सुरुवातीच्या वर्षांत जास्त असतो. काहींचा अर्ज पुढे ढकलला जातो. नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेला असेल किंवा मधुमेहाचं निदान अगदी ताजं असेल, तर कंपनी काही महिने थांबायला सांगते. हे पत्र लोक नकार समजून फाडून टाकतात! त्यात लिहिलेलं असतं, पुन्हा कधी अर्ज करा ते. आणि सरळ नकार आला तरी तो त्या एका कंपनीचा असतो. कुणाचं कोष्टक मधुमेहाला सैल, कुणाचं दम्याला. मात्र पुढच्या अर्जात "पूर्वी कुठे नकार मिळाला होता का" हा प्रश्न येतोच. तिथेही खरंच लिहायचं.

कोष्टकंही बदलतात. एचआयव्हीसोबत जगणाऱ्यांना एके काळी सरसकट नकार मिळायचा. औषधांनी आयुष्य वाढलं, तसा काही देशांत त्यांना विमा मिळू लागला. फ्रान्समध्ये २०२२ च्या कायद्यानं गृहकर्जाच्या विम्यासाठी असं ठरलं, की कर्करोगाचा उपचार संपून पाच वर्षं झाली आणि आजार उलटला नाही, तर तो सांगण्याचं बंधन नाही. विसरलं जाण्याचा हक्क म्हणतात त्याला.

आता "नाही"च्या चौकोनाकडे येतो. पॉलिसी मिळते, हप्ते जातात, सगळं सुरळीत. सुरुवातीच्या वर्षांतच मृत्यू झाला तर दाव्याची चौकशी होते. रुग्णालयात दाखल करताना डॉक्टर विचारतात, पूर्वीचा काही आजार? घाबरलेली बायको किंवा मुलगा सांगतो, "आठ वर्षांपासून शुगर आहे." ते केसपेपरवर लिहिलं जातं. पुढे तोच केसपेपर कंपनीच्या टेबलावर येतो. खोटं लिहिणारा केव्हाच गेलेला असतो, उत्तरं द्यावी लागतात ती मागे राहिलेल्यांना. पॉलिसीवर हरकत घेण्याची मुदत कायद्याने ठरलेली असते, कुठे दोन वर्षं तर कुठे तीन. पण मुदत निघून जाईल या भरवशावर घराचं छप्पर ठेवू नये.

इथे कंपनीलाही मोकळीक नाही. १७६६ साली लंडनच्या न्यायालयात लॉर्ड मॅन्सफिल्ड यांनी विम्यातल्या परम सद्भावाचं, म्हणजे दोन्ही बाजूंनी महत्त्वाचं काही न लपवण्याचं, तत्त्व मांडलं. वाद सुमात्रातल्या एका किल्ल्याच्या विम्याचा होता, आणि त्या खटल्यात हरला तो विमा देणाराच! जे त्याला स्वतःला ठाऊक होतं किंवा ठाऊक असायला हवं होतं, त्याबद्दल नंतर तक्रार करता येणार नाही, असं न्यायमूर्तींनी सुनावलं. म्हणून प्रश्न नीट वाचा. "गेल्या पाच वर्षांत" असं विचारलं असेल तर तेवढ्याच काळाचं उत्तर द्या, पण पूर्ण द्या.

अर्ज दिल्यावर आणि पॉलिसी मिळण्याआधी नवं निदान झालं, तर तेही कळवावं लागतं. पॉलिसी सुरू झाल्यानंतर आजार वाढला म्हणून मात्र सहसा हप्ता वाढवता येत नाही. उलट तब्येत सुधारली, वजन उतरलं, तंबाखू सुटून वर्ष-दोन वर्षं झाली, तर जादा हप्त्याचा फेरविचार करा असं कंपनीला लिहिता येतं. सगळ्या कंपन्या ऐकत नाहीत, पण अर्जाला पैसे पडत नाहीत.

आणि पॉलिसीसोबत तुमच्या अर्जाची प्रत आली की ती उघडून वाचा. उत्तरं पुष्कळदा एजंटनं भरलेली असतात, सही तेवढी तुमची. तुम्ही तोंडी "हो" सांगितलेलं असेल आणि कागदावर "नाही" छापून आलं असेल, तर त्याच आठवड्यात कंपनीला लेखी कळवा आणि पोच घ्या.

नमस्कार.