जवळ ओढा, दूर ढकला

श्रोतेहो, नमस्कार.

कुणी 'कसं काय?' विचारलं की आपण 'मजेत' म्हणून मोकळे होतो. तापाने फणफणलेला माणूसही मजेतच असतो. खरं तर हा प्रश्न टाकून उत्तराआधीच चार पावलं पुढे गेलेल्यांना दंड ठोठावला पाहिजे, पण ते असो. तोंड मजेत म्हणत असतं आणि हातपाय गळालेले असतात. पाऊल जड झालेलं असतं.

डॉक्टरही हे बघतात. पीएचक्यू-९ ही नैराश्याची नऊ प्रश्नांची प्रश्नावली २००१ साली प्रसिद्ध झाली. तिच्यातला आठवा प्रश्न हालचालींचाच आहे: चालणं-बोलणं चारचौघांच्या लक्षात यावं इतकं मंदावलंय का, की उलट सारखी चुळबुळ चालते? पण स्वतःचं मंदावणं स्वतःला कुठे कळतं? तिथे फोन कामाला येतो. फोन आडवा केला की चित्र आडवं होतं ना? ते ज्या सेन्सरमुळे होतं, तोच आपल्या हाताचा झटकाही मोजतो, सेकंदाला शंभरेक वेळा.

आता माझी गोष्ट. माझी भाची मानसशास्त्र शिकते. तिने एकदा फोन माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "मामा, हसरा चेहरा दिसला की फोन छातीशी ओढ. रागीट दिसला की लांब ढकल." परत सांगतो: हसरा जवळ, रागीट दूर. पहिली फेरी झकास झाली. मग तिने नियम उलटा केला. हसरा दूर, रागीट जवळ. झालं! समोर गोड हसणारी एक आजी, आणि तिला ढकलायला हात तयारच होईना. एका रागीट बुवांना एवढ्या जोरात ओढलं, की फोन चष्म्यावर आपटला.

भाची हसली नाही. पडद्यावरच्या रेघा बघत होती. "मामा, ढकलताना तू फारच हळू आहेस. पहिल्या फेरीतसुद्धा. सगळं ठीक आहे ना?"

"मजेत," मी म्हणालो.

ती गप्प बसली. उत्तराची वाट बघत बसली, आणि असं कुणी बसलं की पंचाईत होते. शेवटी कबूल केलं: दोन महिन्यांपासून उजवा खांदा आखडलाय. सदरा घालताना कळ येते आणि हात लांब करायचा म्हटलं की अंगावर काटा. ती कपाळावर हात मारून म्हणाली, "आणि मी तुझ्या मनाची काळजी करत बसले!"

फोनने हाताचा वेग बरोबर मोजला होता. तो मंद का, हे त्याला कळायचा मार्ग नव्हता. खांदा, थकवा, गोळ्यांची गुंगी, वय, की मन? ते माणसालाच विचारावं लागतं.

म्हणून हे खूळ आहे असं मात्र समजू नका. हवंसं ते हात सहज जवळ ओढतो, नकोसं ते दूर ढकलतो, आणि त्यावरून मनाचा अंदाज घ्यायचा: हे ओढणं-ढकलणं जुनं आहे. १९६० साली असा प्रयोग शब्द लिहिलेल्या कार्डांवर झाला होता. २००७ च्या एका अभ्यासात, जॉयस्टिक वापरून, लोकांत वावरायची भीती असलेली माणसं हसरे चेहरेसुद्धा दूर सारताना आढळली. हसरेसुद्धा, बरं का. २००९ मध्ये नैराश्याच्या रुग्णांची चाल मोजली, तर वेग कमी, हातांचे झोके कमी, खांदे झुकलेले. यात एका दिवसाच्या आकड्याला फारसा अर्थ नाही. तुमचीच आजची हालचाल तुमच्याच गेल्या महिन्याशी ताडून बघायची. शेजाऱ्याशी नव्हे, स्वतःशी. आणि फोनवर हालचाली मोजणारं असलं ॲप घेताना हा हिशेब कुणाकडे जातो, ते आधी वाचा. न वाचता 'मान्य' दाबणारे आपण सगळेच.

भाचीने मग डाव्या हाताने सगळं पुन्हा करून घेतलं. डावा हात ठणठणीत. पहिली फेरी भराभर झाली. दुसऱ्या फेरीत ती आजी आली, आणि डावा हातही अडला.

नमस्कार.