खोक्यामागचे हात : हिंगणा एमआयडीसी, नागपूर

(दृश्य : पुठ्ठ्याच्या खोक्यांचा कारखाना; ट्रकमधून उतरणारा क्राफ्टचा, म्हणजे तपकिरी खोक्याच्या कागदाचा रील)

रील शेडमध्ये आला की आधी त्याची कड चाचपतात. ओलसर लागली तर रील बाजूला. ओला कागद तापला की शीटला फुगे येतात, थर चिकटत नाहीत.

(दृश्य : दातेरी रोल, वाफ)

तापलेल्या दोन दातेरी रोलांमधून कागद लाटा घेऊन निघतो. या लाटेचं हे माप म्हणजे बी फ्लूट. मीटरभर शीटला लाटेचा कागद सुमारे १ मीटर ३५ सेंटीमीटर जातो. पाच प्लायच्या, म्हणजे पाच थरांच्या, खोक्यात अशा दोन लाटा असतात. म्हणून खोक्याच्या खर्चात सगळ्यात मोठा वाटा कागदाचाच.

(दृश्य : गमच्या टबात बुडवलेलं बोट)

थर चिकटवायचा गम म्हणजे मक्याचा स्टार्च, कॉस्टिक सोडा, बोरॅक्स. पाणी जास्त झालं तर शीट वाकते, कमी झालं तर थर सुटतात. नागपूरच्या मे महिन्यात पारा ४५ वर गेला की सकाळचा गम दुपारी दाटतो. किती पाणी घालायचं, हे गमवाल्याला बोटावरच्या तारेवरून कळतं. हे कुठल्या मीटरवर दिसत नाही.

(दृश्य : पेस्टिंगचं टेबल)

दोन कोपरे जुळवून शीट बसवायची. अर्धा सेंटीमीटर सरकली तरी पुढे रोटरी यंत्रावर क्रीज, म्हणजे घडीची रेघ, चुकते आणि खोका तिरपा उभा राहतो. हे काम बायकांचं; या टेबलावर आता दोघीच आहेत.

(दृश्य : बिलांची फाईल)

२२ सप्टेंबर २०२५ पासून खोक्यावरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला, क्राफ्टवरचा १२ वरून १८. कागदावर भरलेला जादा कर परतावा येईपर्यंत अडकून राहतो. त्यात खोका घेणारा उधारीवर घेतो. कागदाचा भाव मालकाच्या हातात नाही, विजेचा दर नाही. हातात राहते ती हजेरी.

दोन पाळ्यांची एक झाली. आधी कंत्राटी गेले, मग पेस्टिंगच्या बाकीच्या बायका, मग गमवाला. वर्षभर सलग राबलेल्याला महिन्याची नोटीस आणि दर वर्षामागे १५ दिवसांचा पगार हा कायद्याचा हक्क आहे. पण हजेरीच कुठे नोंदलेली नसेल, तर तो मागायचा कशाच्या जोरावर?

(दृश्य : रद्दीचा ढीग)

सुटलेले थर, तिरप्या क्रीजा. मजुरीत वाचवलेला पैसा असा कागदात जातो.

(दृश्य : संत्र्याने भरलेली गाडी)

अंबिया बहाराचा तोडा सुरू झालाय. बाहेरगावी जाणाऱ्या संत्र्याला खोके लागतात. गमवाल्याला पुन्हा बोलावणं गेलंय, रोजंदारीवर.