एकच प्रयोग, एकच खून

सोफ्याच्या मागे हे जे गृहस्थ पालथे पडलेत ना, ते मेलेले आहेत. पहिल्या अंकात मधेच यांचा खून होतो आणि मध्यंतरापर्यंत यांना असंच पडून राहायचंय, खोकायचं नाही, हलायचं नाही, श्वास पण पोटातून बारीक घ्यायचा कारण पाठ वर-खाली झाली की तिसऱ्या रांगेतलं पोरगं सुद्धा हसतं. आणि त्यात डास. दिग्दर्शक ओरडतात, "अरे मेलायस तू, हलतोयस काय!" तर हे खालूनच, "सर, मी मेलोय ते तुम्हाला माहितीये, डासाला कुठं माहितीये!"

ही सांगली. सांगलीत नाटकावर काही बोलायचं तर आधी एक तारीख सांगावी लागते, नाही सांगितली तर लोक चिडतात, म्हणून सांगून टाकतो. ५ नोव्हेंबर १८४३. सांगलीचे संस्थानिक चिंतामणराव पटवर्धन यांच्या सांगण्यावरून विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' इथं उभं केलं, आणि म्हणून ५ नोव्हेंबर हा मराठी रंगभूमी दिन. झालं. आता त्याच गावातल्या एका साध्या खुनाकडे येऊ.

आम्ही कॅमेरा घेऊन ज्यांच्या मागे फिरलो तो हा ग्रुप हौशी आहे. एक जण बँकेत कॅशियर, एक हायस्कूलला गणित शिकवतात, एक औषध कंपनीचा एमआर, कॉलेजची दोन पोरं, आणि इन्स्पेक्टरचं काम करणाऱ्या ताई घरी शिवणकाम करतात. रात्री आठनंतर एका शाळेच्या हॉलमधे तालीम. बेंच भिंतीला सारायचे, खडूने फरशीवर दार-खिडकी आखायची, आणि ज्याने आखलेल्या भिंतीतून एन्ट्री घेतली त्याने सगळ्यांना चहा पाजायचा असा नियम आहे. एमआरने आत्तापर्यंत सगळ्यात जास्त चहा पाजलाय. पूर्वी यांच्याकडे स्वतःचे फ्लॅट म्हणजे सेटच्या उभ्या भिंती, लेव्हल म्हणजे स्टेजवरचे चौथरे वगैरे होते, ते २०१९ च्या पुरात भिजून गेले, तेव्हापासून नेपथ्य भाड्याने नाहीतर कुणाच्या तरी दिवाणखान्यातून. हा सोफा पण गणिताच्या सरांच्या घरचा आहे, आणि बाईंनी त्यावर लाल रंगाचा थेंब पडला तर बघा असं स्पष्ट सांगितलंय.

नाटक राज्य नाट्य स्पर्धेसाठी चाललंय. सांस्कृतिक कार्य संचालनालयाची हौशी मराठी स्पर्धा, गावोगावी केंद्रं असतात, त्यातलं एक सांगली. संहिता परिनिरीक्षण मंडळाकडे, म्हणजे नाटक तपासून मंजूर करणाऱ्या सरकारी मंडळाकडे पाठवा, प्रमाणपत्र आणा, लेखकाची परवानगी जोडा, अर्ज भरा, मग तारीख मिळते. एक तारीख. एक प्रयोग. तीन परीक्षक मधल्या रांगेत बसतात आणि तुमच्या सगळ्या तालमींचा हिशोब त्या एका संध्याकाळी होतो. केंद्रावर नंबर आला तर पुढे अंतिम फेरीत अजून एक, नाहीतर विषय संपला.

आणि खरं सांगायचं तर इथंच गोची आहे. कौटुंबिक नाटकात एखादं वाक्य खाल्लं तर समोरचा सांभाळून घेतो, प्रेक्षकाला पत्ता पण लागत नाही. रहस्याच्या नाटकात ते वाक्य म्हणजे पुरावा असतो, ते गेलं की शेवट लंगडा. शिवाय प्रेक्षकाला कधी संशय येतो, कुठं तो पुढे सरकून बसतो, हे शाळेच्या हॉलमधे बेंचांसमोर कळतच नाही, त्याला समोर माणसं लागतात, आणि पुन्हा पुन्हा लागतात. लंडनमधे अगाथा ख्रिस्तीचं 'द माउसट्रॅप' १९५२ पासून चालूय, कोविडमधे तेवढं बंद पडलं होतं, आठवड्याला आठ-आठ प्रयोग. त्या लोकांना पॉज कुठं घ्यायचा ते झोपेत माहीत असणार. यांना पहिल्याच प्रयोगाला बरोबर यायचंय आणि तोच शेवटचा पण असू शकतो. तरी दरवर्षी कुणीतरी थ्रिलर घेतंच. एक तर सगळ्यांना बऱ्यापैकी काम मिळतं, कारण सगळेच संशयित असतात. आणि एकच दिवाणखाना, सेट बदलायची भानगड नाही. नाही म्हणायला हौस पण असतेच, बँकेच्या कॅशियरला एरवी कोण पिस्तूल देणार!

आता ही चहाची गंमत बघा. दुसऱ्या अंकात सरांना एक साधं वाक्य आहे, "मी साखर घेत नाही." बस. शेवटचा अख्खा उलगडा या वाक्यावर उभा आहे आणि सर नेमकं हेच विसरतात, एकदा नाही, सारखं. प्रॉम्प्टिंग करावं तर आवाज बाहेर जातो आणि लोकांना कळतं की हे महत्त्वाचं आहे. मग तोडगा असा निघाला की मुलीचं काम करणाऱ्या पोरीने साखरेचं भांडं घेऊन सरांसमोर उभं राहायचं. वाक्य आलं तर ठीक, नाही आलं तर "काका, साखर?" तरी नाही आलं तर चमचा भरून कपाजवळ न्यायचा. एका तालमीला तर तिने खरोखर टाकली साखर आणि सरांनी ती ढवळून प्यायली. त्या दिवशी खुनी सुटला.

रक्ताचं वेगळंच. खून रात्रीचा म्हणून लाईटवाल्या दादांनी स्टेज निळं केलं, आणि पांढऱ्या शर्टावरचं छान लालभडक रक्त काळं दिसायला लागलं, शाईची बाटली सांडल्यासारखं. निळ्या उजेडात लाल काळंच दिसतं, त्याला कुणाचा इलाज नाही. मग दादांनी विंगेतून साधा पांढरा स्पॉट बारीक करून बरोबर छातीवर टाकला, नाटकात दाखवायला खिडकीतून येणारा रस्त्यावरचा दिवा. पटतंय की नाही ते सोडा, रक्त मात्र लाल झालं.

आणि खून होतो तो ब्लॅकआऊटमधे. दिवे जातात, मनात तीन मोजायचं, तीनला लॅपटॉपवरून गोळीचा आवाज, मग धप्प. हे तीन सगळ्यांनी मोजायचं, मारणाऱ्याने, मरणाऱ्याने, लाईटवाल्याने, आवाजवाल्या पोराने. सुरुवातीला प्रत्येकाचे तीन वेगळे होते. माणूस आधी पडायचा आणि गोळी नंतर सुटायची. खुन्याला तेवढ्यात अंधारात उठून दारापर्यंत जाऊन परत जागेवर यायचं, त्यासाठी जमिनीवर रेडियमच्या बारीक पट्ट्या चिकटवल्यात, त्या पण टेबलाच्या पायाआड, पहिल्या रांगेला दिसू नयेत म्हणून.

खुनी कोण ते बाहेर फुटू नये म्हणून शेवटचा प्रवेश दारं लावून बसवला. चहावाले मामा तेवढे आत यायचे. त्यांनी ओळखला. कसं काय मामा, तर म्हणाले, "त्यात काय, जो सगळ्यात आधी येऊन पाठ करत बसतो तोच की. शेवटचं लांबडं भाषण त्यालाच असणार."

प्रयोगाची संध्याकाळ. भावे नाट्यमंदिर. नटराजाची पूजा, नारळ, मेकअपची खुर्ची एक आणि बसणारे सात. तिसरी घंटा. पडदा.

पहिली वीस मिनिटं मस्त गेली. मग ब्लॅकआऊट, एक, दोन, आणि बाल्कनीतून कुणीतरी मोबाईलचा टॉर्च लावला. पडलेली किल्ली शोधत होता म्हणे. सेकंदभर स्टेजच्या मधोमध खुनी, अर्धा वाकलेला, एक पाय पुढे. तो जागीच थिजला, टॉर्च बंद, तीन, गोळी, धप्प. विंगेत दिग्दर्शकांनी कपाळाला हात लावला तो तसाच.

पण मध्यंतरात वड्याच्या स्टॉलवर जाऊन बघा. "तो उठला होता, मी स्वतः बघितला." "अहो तो नव्हे, त्याच्या मागचा!" "दोघं उठले होते, मिळालेले आहेत ते." एक आजोबा तर ठामपणे सांगत होते की उजेड मुद्दाम पाडलाय, दिग्दर्शकाची आयडिया आहे, आपल्याला चकवायला. दिग्दर्शक शेजारीच वडा खात होते. ते काही बोलले नाहीत, हसले फक्त.

दुसऱ्या अंकात सरांना वाक्य आठवलं. पोरगी भांडं घेऊन जवळ पोचायच्या आधीच, आणि इतक्या जोरात की बाल्कनीच्या शेवटच्या रांगेलाही ऐकू गेलं असेल. परीक्षकांनी टॉर्चचे मार्क कापले का, ते सगळ्या संघांचे प्रयोग होऊन निकाल लागल्यावर कळेल. सेट रात्रीच उतरवायचा होता, उद्या सकाळी दुसऱ्या संघाचा टेम्पो लागणार. सोफा रात्री साडेबाराला सरांच्या घरी परत गेला, बाईंनी टॉर्च मारून सगळीकडून तपासून घेतला, डाग नव्हता.

शेवटचा प्रवेश आम्ही पूर्ण शूट केलाय, पण तो इथं दाखवता येत नाही. अंतिम फेरी मिळाली तर नाटक परत करायचंय, म्हणून दिग्दर्शकांनी तेवढं फुटेज पेनड्राईव्हवर घेतलं, आमच्या लॅपटॉपवरून आमच्यासमोरच डिलीट करायला लावलं, आणि पेनड्राईव्ह घरी नेऊन कपाटात कुलूप लावून ठेवलाय. चहावाल्या मामांना मात्र कुणी कुलूप लावलेलं नाही. शाळेच्या गेटसमोर गाडी असते त्यांची, संध्याकाळी पाचनंतर.