कानस आणि फाइल

(काळा पडदा. आधी नुसता आवाज.)

हा आवाज एकदा कानात बसला की समोरच्याला ट्रेड विचारावा लागत नाही.

(दृश्य उजळतं. बेंच व्हाइस, कानस, दोन हात.)

दारावरच्या पाटीवर शासकीय मराठीत 'जोडारी' लिहिलंय. आख्ख्या आयटीआयमध्ये हा शब्द कुणाच्या तोंडी नाही, सगळे फिटरच म्हणतात. शेजारचा कातारी म्हणजे टर्नर, पलीकडचा संधाता म्हणजे वेल्डर. वीजतंत्री तेवढा कुणालाही ओळखू येतो.

फिटरचे पहिले आठवडे कानशीवर जातात. माइल्ड स्टीलचा तुकडा, हातात बारा इंची फ्लॅट बास्टर्ड, म्हणजे जाड दातांची चपटी कानस. पुढे जाताना दाब, मागे येताना सैल. ऐकायला सोपं आहे. नवा मुलगा दोन्हीकडे दाबतो, मग कानशीचे दात जातात. हात झुलतो, मग तुकडा मधोमध फुगतो. बघा, निदेशक सर काही बोलत नाहीत. मुलाच्या कोपरावर दोन बोटं ठेवतात आणि ठेवूनच उभे राहतात.

(मोरचुदाची बाटली. ब्रश.)

आता हे बघण्यासारखं आहे. घासलेल्या तुकड्यावर मोरचुदाचं निळं पाणी फिरवलं की लोखंडाला तांबूस मुलामा चढतो. त्यावर स्क्राइबरने ओढलेली रेघ लख्ख दिसते. कॅमेरामनला हे इतकं आवडलं की आम्ही तीन तुकडे वाया घालवले. सरांनी ते तुकडे फेकू दिले नाहीत. उद्या दुसऱ्या मुलांना हॅकसॉच्या कामाला येतील म्हणाले.

(कॅमेरा सरांच्या मागून. व्हरांडा, ऑफिस, गोदरेजचं कपाट.)

वर्कशॉपमध्ये फाइल म्हणजे कानस. तिथून वीस पावलं चाललं की फाइल म्हणजे हे.

चार कप्पे. एकेका गठ्ठ्याला पांढरी नाडी, पाठीवर मार्करने लिहिलेली नावं. या संस्थेत सरकारने काय काय करायचं ठरवलं होतं, ते इथे थरावर थर रचून ठेवलंय. कारागीर प्रशिक्षण योजना १९५० सालची. शिकाऊ उमेदवारांचा, म्हणजे ॲप्रेंटिसांचा, कायदा १९६१ चा. एवढं जुनं या कपाटात नाही. इथलं सगळ्यात जाड बाड आहे खालच्या कप्प्यात, आणि त्यावर लिहिलंय: आयएमसी.

(धूळ झटकणारा हात. कागद उलटतात.)

याची गोष्ट सांगायलाच हवी. २००७-०८ मध्ये केंद्राने देशातल्या १,३९६ शासकीय आयटीआय उद्योगांच्या भागीदारीत सुधारायचं ठरवलं. प्रत्येक ठिकाणी संस्था व्यवस्थापन समिती, म्हणजे आयएमसी. तिचा अध्यक्ष एखादा कारखानदार, सचिव आपले प्राचार्य. आणि समितीच्या हातात अडीच कोटी रुपये. अनुदान समजून पेढे वाटले गेले असतील, पण ते होतं बिनव्याजी कर्ज. पहिली दहा वर्षं काही द्यायचं नाही, पुढची वीस वर्षं सारखे हप्ते. अडीच कोटी भागिले वीस, वर्षाला साडेबारा लाख.

आता ज्या संस्थेची फी नाममात्र, मुलं शेतकऱ्यांची आणि मजुरांची, तिने साडेबारा लाख कमवायचे कुठून? मार्ग दोन. समितीला दिलेल्या जागांची जादा फी, नाहीतर बँकेतल्या ठेवीचं व्याज. म्हणून मग ठिकठिकाणी पैसा यंत्रात न जाता बँकेत जाऊन बसला. कर्ज फेडायचं तर कर्जाला हात न लावणं बरं, हा हिशेब एखाद्या आजीलाही पटेल.

(लेथचा क्लोजअप. बेडवर पडलेला झिजेचा चट्टा.)

हा लेथ त्या पैशातला नाही. त्याच्या कितीतरी आधीचा आहे.

(पुन्हा कपाट. वरचा कप्पा.)

वरच्या कप्प्यातले गठ्ठे बारीक आहेत, पण संख्येने जास्त. २०१३ च्या ऑगस्टपासून वार्षिक परीक्षा गेली, सेमिस्टर आलं. तक्ते बदलले, जर्नल बदललं, हजेरीचा नमुना बदलला. २०१८ ला सेमिस्टर गेलं, वार्षिक परत आली. मधल्या काळात, २०१५ मध्ये, आयटीआयचे नियम ठरवणारं केंद्राचं प्रशिक्षण महासंचालनालयच कामगार मंत्रालयातून उठून नव्या कौशल्य मंत्रालयात गेलं. लेटरहेड बदलली, शिक्के बदलले. २०२२ च्या सत्रापासून वर्षाचे तास १,६०० वरून १,२०० वर आले आणि १५० तासांचं ऑन जॉब ट्रेनिंग जोडलं गेलं. कागदावर हिशेब बरोबर आहे. पण फिटरचा हात तासांनीच बसतो, आणि मी स्वतः याच ट्रेडचा असल्यामुळे हे वाक्य कापायला मी नकार दिलाय.

(जुनं रजिस्टर. 'विद्यावेतन' असा रकाना. खाली सह्या.)

या रकान्यात महिन्याला ४० रुपये लिहिलेत. छपाईची चूक नाही. पात्र प्रशिक्षणार्थ्याला राज्य सरकारकडून मिळणारं विद्यावेतन इतकी वर्षं तेवढंच होतं. २०२३ मध्ये मंत्रिमंडळाने ते ५०० केलं. चाळीस रुपयांसाठी केलेल्या या सह्या बघा, काही जणांनी पूर्ण नाव लिहिलंय, वडिलांच्या नावासकट.

(संगणकाचा पडदा. फिरणारं वर्तुळ.)

दुपारी अडीच. सर इथे बसलेत, म्हणजे वर्कशॉपमध्ये नाहीत. युनिट दोन, मुलं चाळीस, आणि आज निदेशक एकच. शिकाऊ उमेदवारीचं पोर्टलही त्यांच्याकडेच आहे, कारण ज्यांच्याकडे होतं ते बदलून गेले. अतिरिक्त कार्यभार हा शब्द या इमारतीत सुट्टीच्या अर्जापेक्षा जास्त वापरला जातो.

पोर्टलवर काय चाललंय ते सावकाश बघू, कारण ॲप्रेंटिसचा पैसा याच वाटेने येतो. तीस किंवा जास्त माणसं कामाला असलेल्या आस्थापनेने मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घेणं बंधनकारक. घेतले नाहीत तर दंड, दर उमेदवारामागे महिन्याला पाचशे रुपये, तीन महिन्यांनंतर हजार. कैदेची तरतूद होती, ती २०१४ च्या दुरुस्तीत काढून टाकली. पाचशे रुपये दंड आणि सात हजारांचं विद्यावेतन, यातलं कोणतं स्वस्त हे कारखान्याच्या अकाउंटंटला विचारावं लागत नाही.

२०१९ च्या नियमांनुसार आयटीआय पास उमेदवाराला महिन्याला किमान ७,००० रुपये. त्यातला चौथा हिस्सा केंद्र देतं, पण १,५०० च्या वर नाही. ही राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजना, २०१६ ची. आधी हा वाटा कंपनीला परत मिळायचा. २०२३ च्या ऑगस्टपासून तो थेट मुलाच्या खात्यात येतो. मात्र आधी करार पोर्टलवर मंजूर हवा, खातं आधारला जोडलेलं हवं, आणि कंपनीने आपला वाटा दिल्याची नोंद दर महिन्याला केलेली हवी. एक कडी निसटली की पंधराशे अडकले. कंपनीकडे पाठपुरावा कुणी करायचा, तर इथे खुर्चीत बसलेत त्यांनी.

(सर फोनवर. आवाज बंद. फक्त हात हलताना दिसतो.)

२०२५ च्या मे महिन्यात केंद्रीय शिकाऊ उमेदवारी परिषदेने विद्यावेतन ३६ टक्क्यांनी वाढवण्याची शिफारस केली. पाच ते नऊ हजारांचा पट्टा ६,८०० ते १२,३०० वर न्यायचा. शिफारशीची प्रिंट सरांनी फाइलला लावून ठेवली आहे, पेन्सिलीने खूण करून.

(एमआयडीसीतलं गेट. लोखंडी पट्टा वर जातो, खाली येतो.)

आत कॅमेरा नेऊ दिला नाही, त्यामुळे तुम्हाला गेटच दिसेल. सकाळी पावणेसातची पाळी. ज्यांच्या गळ्यात वेगळ्या रंगाची फीत दिसते ते ॲप्रेंटिस. कायद्याच्या १८ व्या कलमाप्रमाणे ते कामगार नाहीत, प्रशिक्षणार्थी आहेत. डबा मात्र सगळ्यांचा सारखाच.

(चहाची टपरी. दोन मुलं, एक मोबाइल.)

ही दोघं इथलीच, गेल्या बॅचची. एक ॲप्रेंटिस आहे. दुसरा मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत एका कार्यालयात बसत होता. ती योजना २०२४ ची, आयटीआयवाल्याला महिन्याला ८,००० रुपये, सगळे राज्य सरकारचे, आधी सहा महिने आणि नंतर वाढवून अकरा. म्हणजे यंत्रावर उभं राहणाऱ्याला किमान ७,०००, आणि टेबलावर बसणाऱ्याला ८,०००. दोन सरकारं, दोन खाती, दोन शासन निर्णय. एकाने दुसऱ्याचा वाचला असेल असं वाटत नाही. ॲप्रेंटिसला शेवटी परीक्षा देऊन राष्ट्रीय प्रमाणपत्र मिळतं, हा फरक आहे. पण तो फरक सांगायला टपरीवर कोण बसलंय?

(टीव्हीवरच्या बातम्यांसारखी झगमग. मग पुन्हा व्हरांडा.)

आणि आता सेतू, आयटीआय सुधारण्याची नवी योजना. २०२५ च्या मे महिन्यात केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजुरी दिली, ४ ऑक्टोबरला पंतप्रधानांनी पीएम-सेतू या नावाने योजना सुरू केली. साठ हजार कोटी. तीस हजार केंद्राचे, वीस हजार राज्यांचे, दहा हजार उद्योगांचे. केंद्राच्या निम्म्या वाट्याला जागतिक बँक आणि आशियाई विकास बँकेचा हातभार. एक हजार शासकीय आयटीआय, त्यांत दोनशे हब आणि आठशे स्पोक.

हब आणि स्पोक म्हणजे काय, हे सरांनी बैलगाडीच्या चाकावर समजावलं. मधला तुंबा आणि त्यात ठोकलेले आरे. एका तुंब्याला सरासरी चार आरे. तुंब्यात भारी यंत्रं, आऱ्यांनी तिथे मुलं पाठवायची. चालवायला उद्योगांच्या पुढाकाराने वेगळी कंपनी. आपली आयटीआय यादीत आलीच तर काय म्हणून, असं विचारलं. सर म्हणाले, "आरा. तोही कडेचा."

मंजुरी देताना सरकारने एक गोष्ट स्वतःहून कबूल केली: आधीच्या योजनांमधली मदत आयटीआयची गरज भागवायला अपुरी होती. खालच्या कप्प्यातल्या बाडाला एवढं उत्तर मिळालं, हेही थोडं नाही. निदेशकांसाठीही तरतूद आहे. भुवनेश्वर, चेन्नई, हैदराबाद, कानपूर आणि लुधियाना इथल्या पाच राष्ट्रीय संस्था वाढवून ५०,००० प्रशिक्षकांना प्रशिक्षण द्यायचं आहे. प्रशिक्षण घ्यायला सर कानपूरला गेले, तर चाळीस मुलांच्या व्हाइसजवळ कोण उभं राहणार, हे कोणत्याही पानावर सापडलं नाही. मी तीनदा चाळली.

(नोटीस बोर्ड. टाचण्यांवर टाचण्या.)

ज्यांचे पंधराशे अडकले, त्यांतले काही जण ॲप्रेंटिसशिप अर्धी सोडून गेले.

(वर्कशॉप. संध्याकाळचं ऊन खिडकीतून तिरपं.)

सर परत आलेत. तोच सकाळचा मुलगा, तोच तुकडा. ट्राय स्क्वेअर, म्हणजे गुण्या, लावून दोघंही तो खिडकीकडे धरतात. पट्टी आणि लोखंडाच्या मधून उजेडाची एक केसाएवढी रेघ दिसतेय. डाव्या टोकाला जाड, उजवीकडे नाहीशी.

सर तुकडा व्हाइसमध्ये परत ठेवतात.

"अजून चार हात. डावीकडे."

(निवेदन संपतं. कानशीचा आवाज चालू राहतो. बाहेर एसटीचा हॉर्न. मुलगा वर बघत नाही.)