बंदूक बाहेर ठेवून केलेली भेट

मित्रहो,

अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्याच्या विधिमंडळाचं अधिवेशन जानेवारीच्या दुसऱ्या बुधवारी सुरू होतं. सम वर्षी ते साठ दिवस चालतं, विषम वर्षी त्याहून कमी. शंभर सदस्यांचं खालचं सभागृह आणि चाळीस जणांचं सिनेट. आमदारकी तिथे अर्धवेळची आहे. मानधन वर्षाला अठरा हजार डॉलरच्या आसपास, म्हणजे त्यावर घर चालत नाही. त्यामुळे वकिली, शेती, शिक्षकी असा काहीतरी पोटापाण्याचा उद्योग सांभाळणारी माणसं दोन महिने रिचमंडला, राज्याच्या राजधानीत, येऊन कायदे करतात. खालच्या सभागृहातला एक सदस्य साधारण पंच्याऐंशी हजार लोकांचा प्रतिनिधी असतो. आपल्या महाराष्ट्रात २०११च्या जनगणनेनुसार हा आकडा सरासरी चार लाखांच्या घरात जातो.

जानेवारीचा तिसरा सोमवार म्हणजे मार्टिन ल्यूथर किंग यांच्या जयंतीची सुट्टी. त्या दिवशी नागरिकांनी राजधानीत येऊन आपापल्या आमदाराला भेटायचं, अशी तिथे जुनी रीत आहे. बंदूकधारकांची ‘व्हर्जिनिया सिटिझन्स डिफेन्स लीग’ ही संघटना वर्षानुवर्षं याच दिवशी येते. छातीवर भडक नारिंगी रंगाचा गोल स्टिकर, त्यावर ‘बंदुका जीव वाचवतात’ अशा अर्थाची घोषणा, आणि कोणतं विधेयक कोणत्या समितीपुढे आहे याची चोख माहिती. समोरच्या बाजूला बंदुकांवर नियंत्रण मागणाऱ्या ‘मॉम्स डिमांड अ‍ॅक्शन’ या संघटनेच्या लाल शर्टातल्या महिला. दोन्ही गट आमदारांच्या दारांशी यायचे, पाच-दहा मिनिटं बोलायचे आणि निघायचे.

२०२० साली हे चित्र पार बदललं. त्यामागे आधीच्या वर्षाचा इतिहास आहे. ३१ मे २०१९ रोजी व्हर्जिनिया बीच शहरात पालिकेच्या इमारतीत तिथल्याच एका कर्मचाऱ्यानं गोळीबार केला आणि बारा माणसं मारली. डेमोक्रॅट गव्हर्नर राल्फ नॉर्थम यांनी ९ जुलैला बंदूक कायद्यांसाठी खास अधिवेशन बोलावलं. तेव्हा दोन्ही सभागृहांत रिपब्लिकन बहुमत होतं. दीड तासात अधिवेशन गुंडाळलं गेलं आणि एकाही विधेयकावर मतदान झालं नाही. बारा मृत्यूंनंतर दीड तास! नोव्हेंबरच्या निवडणुकीत मतदारांनी त्याचा हिशोब चुकता केला. सिनेट २१ विरुद्ध १९, खालचं सभागृह ५५ विरुद्ध ४५, दोन्हीकडे डेमोक्रॅट. रिचमंडच्या बाजूची एक जागा जिंकून सिनेटमध्ये आलेल्या गझाला हाश्मी मूळच्या हैदराबादच्या. बंदूक नियंत्रण हा त्यांच्या प्रचाराचा ठळक मुद्दा होता.

व्हर्जिनियाची याहून जुनी जखम आपल्यापर्यंत पोचलेली आहे. १६ एप्रिल २००७ रोजी व्हर्जिनिया टेक विद्यापीठात एका विद्यार्थ्यानं बत्तीस जणांना मारलं. त्यांत मुंबईहून शिकायला गेलेली एक मुलगी होती आणि मूळचे तमिळनाडूचे एक प्राध्यापक होते. बंदुकांवर कडक नियम हवेत, असं माझं स्पष्ट मत आहे. ते आधीच सांगतो, कारण आता मी बंदूकधारकांची बाजू नीट मांडणार आहे.

निकालानंतर सिनेटमधले डेमोक्रॅट नेते डिक सॅसलॉ यांनी ‘एसबी १६’ हे विधेयक दाखल केलं. ‘असॉल्ट’ प्रकारची, म्हणजे लष्करी धाटणीची अर्धस्वयंचलित बंदूक विकण्यावरच नाही, तर ती बाळगण्यावरही त्यात बंदी होती. आधीपासून कायदेशीरपणे घेतलेली बंदूक घरात आहे त्यांचं काय? विधेयकाच्या शब्दांनुसार ती माणसं एका रात्रीत गुन्हेगार ठरत होती. गावागावांत याची वाच्यता झाली. ज्या काउंटी (आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) मंडळाच्या बैठकीला एरवी दहा माणसं यायची नाहीत, तिथे सभागृहं भरून लोक बाहेर उभे राहिले. शंभराहून अधिक काउंट्या आणि नगरांनी आपण ‘दुसऱ्या घटनादुरुस्तीचं अभयस्थान’ असल्याचे, म्हणजे शस्त्र बाळगण्याचा घटनात्मक हक्क जपणारं ठिकाण असल्याचे ठराव केले. राज्याचे अ‍ॅटर्नी जनरल मार्क हेरिंग यांनी डिसेंबरमध्ये अभिप्राय दिला की या ठरावांना कायद्याचं बळ नाही. कायदेशीर दृष्ट्या ते बरोबरच होतं. पण आमदारांना ठरावाची कायदेशीर ताकद मोजायची नव्हती, आपल्या मतदारसंघातली माणसं मोजायची होती. १३ जानेवारीला सॅसलॉ यांनी ‘एसबी १६’ समितीसमोर मागे घेतलं.

तारीख पाहा. १३ जानेवारी. बंदूकधारकांचा मोठा मेळावा व्हायचा होता तो त्या वर्षीच्या सुट्टीच्या दिवशी, २० जानेवारीला. ज्या विधेयकानं रान पेटवलं, ते रायफली रस्त्यावर येण्याच्या आठवडाभर आधीच मागे गेलं होतं.

तरीही मेळावा झाला. २०१७ साली याच राज्यातल्या शार्लट्सव्हिलमध्ये गोऱ्या वर्चस्ववाद्यांच्या मेळाव्यात झालेल्या हिंसेची आठवण ताजी होती. ‘द बेस’ नावाच्या गोऱ्या वर्चस्ववादी टोळीच्या काही जणांना एफबीआयनं त्याच आठवड्यात अटक केली होती. नॉर्थम यांनी आणीबाणी जाहीर करून कॅपिटॉलच्या, म्हणजे विधिमंडळाच्या इमारतीच्या आवारात शस्त्रबंदी केली. लीग आणि ‘गन ओनर्स ऑफ अमेरिका’ कोर्टात गेले. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानंही बंदी उठवायला नकार दिला. सोमवारी कडाक्याच्या थंडीत सुमारे बावीस हजार माणसं आली. त्यांपैकी साधारण सहा हजार शस्त्र न घेता, तपासणी करवून घेऊन कुंपणाच्या आत गेली. उरलेली सोळा हजार बाहेरच्या रस्त्यांवर राहिली. त्यांतल्या असंख्य लोकांच्या खांद्यावर अर्धस्वयंचलित रायफली आणि अंगावर चिलखती जाकिटं होती. गोळी एकही सुटली नाही. अटक एक झाली, तीही चेहरा झाकल्याबद्दल.

शांततेत पार पडलं, मग बिघडलं काय, असं लीगचे अध्यक्ष फिलिप व्हॅन क्लीव्ह आणि त्यांचे लोक विचारतात. मी उत्तर देतो. गोळीबारात आपली माणसं गमावलेली कुटुंबं आणि त्यांचे सहकारी याच सुट्टीच्या दिवशी तिथे प्रार्थनासभा घेत असत. त्या वर्षी त्यांनी ती रद्द केली. लाल शर्टातल्या महिलांनाही त्यांच्या संघटनांनी येऊ नका असं सांगितलं. राज्यघटनेनं दिलेला गाऱ्हाणं मांडायचा हक्क दोघांनाही सारखाच आहे. पण एकानं खांद्यावर रायफल घेतली की दुसरा घरी बसतो. धमकीचा शब्दही न उच्चारता हे घडतं. आपल्या मुलाचा फोटो घेऊन उभ्या असलेल्या आईनं त्या सोळा हजारांतून वाट काढत आमदाराच्या दाराशी जावं, अशी अपेक्षा कुणी कशी करावी?

आणि त्या रायफलींनी काय साधलं? व्हॅन क्लीव्ह यांच्या बाजूचंच यश घेऊन बघू. आमदारांची कार्यालयं होती त्या पोकाहोंटस इमारतीत शस्त्राला बंदी होती. जे सकाळी तिथे गेले ते बंदूक गाडीत किंवा घरी ठेवून गेले. त्यांनी आमदारांना तपशिलात धरलं. शेजाऱ्याला शिकारीसाठी चार दिवस बंदूक दिली तर तीही पार्श्वभूमी तपासणीतून, म्हणजे घेणाऱ्याच्या गुन्ह्यांची नोंद तपासण्यातून, न्यावी लागणार का? खालच्या सभागृहाच्या मसुद्यात सगळी हस्तांतरणं येत होती. अंतिम कायदा फक्त विक्रीपुरता उरला. महिन्याला एकच पिस्तूल विकत घेण्याची मर्यादा परत आली, पण लपवून शस्त्र बाळगण्याचा परवाना असलेल्यांना त्यातून सूट मिळाली.

मोठी लढत ‘एचबी ९६१’ची झाली. ‘असॉल्ट’ बंदुकांच्या विक्रीवर बंदी आणि बारापेक्षा जास्त काडतुसांच्या मॅगझिनवर बंदी, असं ते विधेयक. फेब्रुवारीत खालच्या सभागृहानं ते ५१ विरुद्ध ४८ मतांनी मंजूर केलं. १७ फेब्रुवारीला ते सिनेटच्या न्यायविषयक समितीपुढे आलं. ‘असॉल्ट’ बंदूक नेमकी कशाला म्हणायची, आधीच घरात असलेल्या मॅगझिनचं लोकांनी काय करायचं, ही कोडी सुटलेली नव्हती. क्री डीड्स, जॉन एडवर्ड्स, चॅप पीटरसन आणि स्कॉट सुरोव्हेल या चार डेमोक्रॅट सदस्यांनी रिपब्लिकनांबरोबर मत दिलं. १० विरुद्ध ५ मतांनी विधेयक वर्षभरासाठी बाजूला ठेवलं गेलं. खोलीत बसलेल्या बंदूकधारकांनी जल्लोष केला. मला तो निर्णय पटलेला नाही. पण स्वतःच्या गव्हर्नरला हवं असलेलं विधेयक चार सदस्य नावानिशी मत देऊन अडवतात आणि दुसऱ्या दिवशीही आमदारच राहतात, याचं मोल मी कमी लेखणार नाही.

बाकीचे कायदे मात्र झाले. विक्रीसाठी पार्श्वभूमी तपासणी, धोकादायक ठरलेल्या माणसाकडून न्यायालयाच्या आदेशानं काही काळ बंदूक काढून घेण्याची तरतूद, हरवलेल्या बंदुकीची अठ्ठेचाळीस तासांत खबर. नॉर्थम यांनी एप्रिलमध्ये सह्या केल्या आणि १ जुलैपासून अंमल सुरू झाला. बावीस हजारांच्या मेळाव्यानं हे अडलं नाही. उलट २०२१ साली कॅपिटॉलच्या आवारातल्या शस्त्रबंदीचाच कायमचा कायदा झाला. अडवलेलं विधेयकही संपलं नाही. २०२४ मध्ये विक्रीबंदीचं विधेयक दोन्ही सभागृहांतून पार पडलं आणि तेव्हाचे रिपब्लिकन गव्हर्नर ग्लेन यंगकिन यांनी ते नाकारलं.

आता थोडं आपल्याकडचं. नागपूरच्या हिवाळी अधिवेशनावर मोर्चे निघतात, मुंबईत आझाद मैदानावर लोक दिवसेंदिवस बसतात. मोर्चा अडवला जातो, शिष्टमंडळ आत जातं, निवेदन दिलं जातं. निवेदन जातं मंत्र्याकडे. विधेयकावर मत देणार असलेल्या आपल्या आमदाराला गाठावं, असं मोर्चेकऱ्यांच्या मनातही फारसं येत नाही, आणि त्यात त्यांची चूक नाही. १९८५ साली आलेल्या पक्षांतरबंदी कायद्यानं व्हिप, म्हणजे पक्षाचा आदेश, मोडणाऱ्याची आमदारकी जाऊ शकते. सभागृहात स्वतःचं मत वापरायलाच आमदार मोकळा नसेल, तर त्याला समजावून काय मिळणार? पक्षांतराचा बाजार रोखायला हा कायदा आणला होता. तो बाजार थांबला नाही, हे आपण डोळ्यांनी पाहिलंय. निदान सरकार पडण्याचा प्रश्न नसलेल्या विधेयकांवर तरी आमदाराला व्हिपमधून मोकळं करावं, ही मागणी आपण जोरानं लावून धरली पाहिजे.

आपल्या लोकांना विधेयकं वाचण्यात रस नाही, हे मला मान्य नाही. जनसुरक्षा विधेयक संयुक्त समितीकडे गेलं तेव्हा बारा हजारांहून अधिक सूचना आल्या. त्यानंतर काही बदल झाले आणि १० जुलै २०२५ रोजी विधानसभेनं ते आवाजी मतदानानं मंजूर केलं. रिचमंडच्या त्या चार सदस्यांची नावं मी तुम्हाला आत्ता सांगितली, कारण ती मतदानाच्या नोंदीत आहेत. आपल्याकडे सूचना पाठवणाऱ्या त्या हजारो लोकांपैकी कुणालाही आपल्या आमदारानं कोणत्या बाजूनं मत दिलं हे नोंद उघडून दाखवता येणार नाही. आवाजी मतदानात तशी नोंदच होत नाही.