रामटेक: लाल दगडातला नरसिंह

नागपूरहून निघून मनसरला उजवीकडं वळलं, की आधी डोंगर दिसतो, मग डोंगरावरची देवळं आणि पायथ्याशी पसरलेलं गाव. वनवासात राम इथं टेकला म्हणून रामटेक, हे गावातलं लहान पोरही सांगेल. गडावर आधी लक्ष्मणाचं दर्शन, मग रामाचं, अशी इथली रीत. कार्तिकी पौर्णिमेला त्रिपूर पेटतो, तेव्हा जत्रेनं गाव फुलून जातं.

पण आज रामाच्या दारी जाण्याआधी थोडं बाजूला वळू. हे केवल नरसिंहाचं देऊळ. बुटकं, जाड भिंतींचं, पाचव्या शतकातलं. आत अंधाराला डोळे सरावले, की तांबड्या दगडातला देव हळूहळू दिसू लागतो. मांडीवर हिरण्यकशिपू नाही, शेजारी प्रल्हाद नाही. एकटाच, म्हणून केवल. एक गुडघा उभा, हातात चक्र, आणि बैठक कशी, तर गावच्या पाटलासारखी ऐसपैस! महाराष्ट्रात लेणी पुष्कळ आहेत, पण बांधलेली देवळं इतकी जुनी फार थोडी.

या देवळाच्या भिंतीत वाकाटकांच्या, म्हणजे तेव्हा विदर्भावर राज्य करणाऱ्या घराण्याच्या, काळचा शिलालेख आहे. त्या काळातली इथली मोठी बाई म्हणजे प्रभावतीगुप्ता. गुप्त सम्राट दुसऱ्या चंद्रगुप्ताची लेक, वाकाटकांची सून. नवरा रुद्रसेन लवकर गेला, पोरं लहान. कारभार तिनंच हाकला, जवळच्या नंदिवर्धनातून, म्हणजे आजच्या नगरधनातून. तिचा एक ताम्रपट अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरचा. तो दिलाय 'रामगिरिस्वामीच्या पायांपाशी'. रामगिरी म्हणजे हाच डोंगर. दीड हजार वर्षांमागं एका विधवा राणीनं आपल्या दानाला या देवाचे पाय साक्षी ठेवले, हे मला कुठल्याही दंतकथेहून मोठं वाटतं.

मेघदूतातला यक्ष याच रामगिरीवर झुरला, असं इतिहाससंशोधक वा. वि. मिराशींनी मांडलं. आणि पुढं आठेकशे वर्षांनी गुजरातेतून हरिपाळदेव निघाला, तोही रामटेकच्याच यात्रेला. वाटेत रिद्धपुरात गुरू गोविंदप्रभू भेटले, आणि त्याचे चक्रधरस्वामी झाले. ज्या गावानं राणीचा ताम्रपट जपला, त्याच गावानं मराठीला चक्रधर दिले.

परतताना वराहापाशी थांबा. अख्ख्या दगडातला हा भलाथोरला वराह. त्याच्या पोटाखालून जो सरपटत पार होतो तो निष्पाप, असं इथं सांगतात. जरा वाकून बघा, जागा किती आहे ती.