समुद्रातली वहिवाट

मंडळी, तुमच्यातले निम्मे लोक द्राक्षवाले आहेत हे मला माहितीये, म्हणून सुरुवात द्राक्षापासूनच करतो. माझे मेव्हणे निफाड तालुक्यात. जानेवारी २०२४ ला त्यांचा एक कंटेनर रॉटरडॅमला निघाला, थॉमसन जातीची द्राक्षं, बुरशी रोखणारे ग्रेप गार्ड पॅड टाकून, शून्य डिग्रीला सेट करून, सगळं नीट. लाल समुद्रातून सुएझमार्गे जायचं ते जहाज हल्ल्यांच्या भीतीने आफ्रिकेला वळसा घालून गेलं आणि दहा-बारा दिवस उशिरा पोचलं. तिकडून व्हॉट्सॲपला फोटो आले. मणी ठीक होते, पण घडाची काडी तपकिरी पडलेली. आणि काडी गेली की भाव गेला, हे इथे मी सांगायला नको. इम्पोर्टरने रेट पाडला. मेव्हणे मला म्हणाले, तुम्ही वकील आहात ना, मग सांगा आता केस कोणावर टाकायची?

त्या वेळी मला सरळ उत्तर देता आलं नाही. आजचं बोलणं त्यावरच आहे.

लाल समुद्राच्या तोंडाशी बाब-अल-मंदेब नावाची सामुद्रधुनी आहे, एका अंगाला येमेन आणि दुसऱ्या अंगाला जिबुती, एरिट्रिया. सगळ्यात अरुंद जागी जेमतेम ३० किलोमीटर. आता किनाऱ्यापासून १२ सागरी मैल, म्हणजे २२ किलोमीटर, हा त्या त्या देशाचा समुद्र. दोन्ही बाजूंनी बावीस-बावीस मोजा, मधे मोकळा समुद्र उरतच नाही. म्हणजे जगाचं जहाज तिथून जातं ते कोणाच्या तरी बांधावरूनच जातं.

आपल्याकडे बांधावरच्या रस्त्यावरून किती भांडणं होतात! वहिवाटीचा रस्ता कोणी काटे टाकून अडवला तर आपण तहसीलदाराकडे जातो, १९०६ च्या मामलतदार कोर्ट ॲक्टचं कलम ५, आणि तहसीलदार अडथळा काढायला लावतो. समुद्रातही अशी वहिवाट आहे. १९८२ साली जमैकात माँटेगो बे इथे समुद्राचा करार झाला त्यात ती लिहिली गेली. तिच्यामागे चक्क सौदा होता, किनाऱ्याच्या देशांना ३ ऐवजी १२ मैल हद्द पाहिजे होती, मोठ्या आरमारवाल्यांना जायला वाट पाहिजे होती, मग ठरलं की हद्द वाढवा पण सामुद्रधुनीतून जाणारं जहाज अडवायचं नाही, शेजारच्या देशाला वाट तात्पुरतीसुद्धा बंद करता येणार नाही. करार लागू झाला १९९४ ला आणि आपण तो मान्य केला १९९५ ला. अमेरिकेने आजपर्यंत केलेला नाही, आणि वाट मोकळी पाहिजे हे सगळ्यात मोठ्याने तेच सांगतात, मला हे पटत नाही.

मग नोव्हेंबर २०२३ मधे हूथींनी, म्हणजे येमेनमधल्या एका सशस्त्र गटाने, गॅलेक्सी लीडर हे जहाज पकडलं. ते भारताकडेच यायला निघालं होतं. पुढे मार्च २०२४ ला ट्रू कॉन्फिडन्स या जहाजावर मिसाईल पडलं, तीन खलाशी गेले, २१ जणांना आपल्या नौदलाच्या आयएनएस कोलकाताने वाचवलं.

आता इथे नीट ऐका, कारण खरी गाठ इथेच आहे. त्याच महिन्यात त्याच आयएनएस कोलकाताने रुएन नावाच्या जहाजावरचे ३५ सोमाली चाचे पकडले, चाळीस तास ऑपरेशन चाललं, १७ खलाशी सोडवले, आणि ते पस्तीस जण थेट मुंबईत आणून पोलिसांच्या ताब्यात दिले. असं करता आलं कारण चाच्याला कोणत्याही देशाने खुल्या समुद्रात धरावं आणि आपल्या कोर्टात उभं करावं ही जुनी रीत आहे, आणि आपण २०२२ मधे त्यासाठी स्वतःचा कायदा केला. पण हूथींना हे लागू करायला गेलं की अडतं. चाचेगिरीची व्याख्या म्हणते की कृत्य खासगी स्वार्थासाठी पाहिजे आणि कोणा देशाच्या हद्दीबाहेर पाहिजे. हूथी म्हणतात आमचं राजकारण आहे, गाझासाठी आहे. आणि हल्ला सामुद्रधुनीत झाला तर ती कोणाची तरी हद्दच. म्हणजे चाचे म्हणता येत नाही. देश म्हणावं तर राजधानी सना त्यांच्या हातात असली तरी युनोत येमेनच्या खुर्चीवर दुसरं सरकार बसतं. सुरक्षा परिषदेने १० जानेवारी २०२४ ला ठराव केला, हल्ले थांबवा म्हणून, ११ मतं बाजूने, रशिया-चीन धरून चौघे तटस्थ. पण ज्याने करारावर कधी सहीच केली नाही त्याला नोटीस कुठे बजावणार?

लोक मला म्हणतात, बघा, तुमच्या आंतरराष्ट्रीय कायद्याला पोलीस नाही, मग उपयोग काय. मला हे ऐकून मनापासून वाईट वाटतं. त्या जानेवारीच्या आधी कित्येक वर्षं तुमचा माल त्याच बांधावरून रोज गेला, कोणी हटकलं नाही, ते या कायद्यामुळेच. देशांमधे आपसात तो चालतो. कुलभूषण जाधवांच्या केसमधे २०१९ ला हेगच्या आंतरराष्ट्रीय कोर्टाने १५ विरुद्ध १ ने आपलं ऐकलं, फाशी थांबली. सुटका झाली नाही, हेही खरं. पण माणूस जिवंत राहिला.

तर मेव्हण्यांचा प्रश्न. हूथींवर दावा चालणार नाही. येमेनवर तुम्ही-आम्ही टाकू शकत नाही, ते काम सरकारचं. उरली शिपिंग कंपनी. तिचा-तुमचा व्यवहार असतो बिल ऑफ लेडिंगवर, म्हणजे माल जहाजावर घेतल्याच्या पावतीवर, आणि त्याच्या पाठीमागच्या बारीक अक्षरांत समुद्री मालवाहतुकीच्या १९२४ च्या हेग नियमांचं जग असतं, युद्धामुळे झालेल्या नुकसानीला वाहतूकदार जबाबदार नाही, जहाज वाचवायला वाजवी वळसा घेतला तर करारभंग नाही. पण टेंपरेचर नीट ठेवलं नाही तर मात्र तो अडकतो, आणि ते सांगतो कंटेनरमधला टेंपरेचर नोंदवणारा तो छोटा लॉगर. फक्त मुदत एक वर्ष, माल मिळाल्यापासून.

मी विचारलं, बिल कुठाय, लॉगरचा रिपोर्ट कुठाय? बिल एजंटकडे होतं. रिपोर्ट कोणी मागितलाच नव्हता. आम्ही मागितला तेव्हा चौदावा महिना चालू होता.